मुलांच्या प्रश्नाला दुसरा हात कसा द्यायचा?

जांभ्याची पाटी

मी राजापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला शिकवते. वर्गाचा पट २३. बरेच दिवस एक गोष्ट मनात घोळते आहे. या चर्चामंचावर शिक्षक आहेत, पालक आहेत, गाव सोडून पुण्या-मुंबईला गेलेलेही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धडा संपला की मी विचारायचे, "काही शंका?" वर्ग गप्प. कितीतरी वर्षं हे असंच चाललं. मुलांना प्रश्न पडत नाहीत असं मला कधीच वाटलं नाही, कारण मधल्या सुट्टीत हीच मुलं पाराजवळ भांडत असतात, "तारेवर बसलेला कावळा मरत नाही, मग वटवाघूळच का मरतं?" हा प्रश्न मी खिडकीतून ऐकला. घंटा झाली, मुलं आत आली आणि प्रश्न बाहेरच राहिला.

म्हणून जूनमध्ये वर्गात एक डबा ठेवला. मनात येईल तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाका, नाव नको. आठवड्याने उघडला. "राजापूरची गंगा म्हणजे काय ते थोडक्यात लिहा." "पावसाचे कोणतेही चार फायदे सांगा." "फरक स्पष्ट करा, नदी आणि खाडी." एका चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे प्रश्नपत्रिकेत असतं अगदी तिथेच, "गुण २" लिहिलं होतं. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. प्रश्न म्हणजे ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याने दुसऱ्याला विचारायची गोष्ट, एवढंच या मुलांनी सात वर्षांत पाहिलं होतं. त्यांना ते आम्हीच दाखवलं.

मग एका प्रशिक्षणात ऐकलेली रीत करून पाहिली. फळ्यावर प्रश्न लिहायचा नाही, एक विधान लिहायचं. मी लिहिलं, "राजापूरची गंगा आपल्या मर्जीने येते आणि आपल्या मर्जीने जाते." ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळे गावातल्या गरम पाण्याच्या झऱ्यापासून जवळच ही १४ कुंडं आहेत. साधारण तीन वर्षांनी त्यांत पाणी येतं, काही काळ वाहतं आणि बंद होतं. नेमकं कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. जमिनीखाली वक्रनलिकेसारखी (सायफनसारखी) रचना असावी, म्हणजे पाणी ठरावीक उंचीपर्यंत साठलं की आपोआप वाहायला लागतं, असं त्याचं स्पष्टीकरण देतात.

नियम चार. सुचतील तेवढे प्रश्न विचारायचे. मध्ये कुणी उत्तर द्यायचं नाही, चर्चा नाही, चांगला-वाईट म्हणायचं नाही. जो जसा बोलला तसाच लिहायचा. कुणी विधान केलं तर त्याचाच प्रश्न करायचा. पहिल्या पाच मिनिटांत सहा प्रश्न आले आणि शांतता पसरली. तिथे मला फार जड गेलं, तोंडाशी आलेलं वाक्य गिळावं लागलं. नंतर मागच्या बाकावरून एक आला आणि मग धार लागली. तास संपला तेव्हा फळ्यावर ४१ प्रश्न होते.

आता धाग्याचा मूळ मुद्दा. यातले बरेच प्रश्न कच्चे होते. "गंगा का येते?" याचं उत्तर मोबाईल अर्ध्या मिनिटात देतो आणि पोरं वहीत उतरवून मोकळी होतात. मला वाटलं, निबंध आपण पुन्हा लिहायला लावतो, गणित पुन्हा करायला लावतो, मग प्रश्नच एकदा विचारला की संपला, असं का? वर्गातल्या एका मुलाचे वडील होड्या रंगवतात. तो म्हणाला, "बाई, पयला हात लाकूड पिऊन टाकतं. रंग दिसतो दुसऱ्या हातानं." तेव्हापासून आमच्याकडे प्रश्नालाही दुसरा हात देतात.

"गंगा का येते?" याचं झालं "कधी येते?" मग "पावसाळा संपल्यावर किती दिवसांनी येते?" मग "ज्या वर्षी पाऊस जास्त, त्याच वर्षी येते का?" आणि शेवटी एका मुलीने विचारलं, "मागच्या वेळी गंगा आली तेव्हा आमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी वर आलं होतं का?"

वर्ग एकदम शांत झाला. कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. मोबाईललाही नाही, कारण ती विहीर कुणी कधी मोजलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलांनी सुंभाच्या दोरीला अर्ध्या-अर्ध्या फुटावर गाठी मारल्या, टोकाला लोखंडी नट बांधला. दर शनिवारी सकाळच्या शाळेनंतर दोघं जातात, मोठं माणूस सोबत असतं. काठापासून पाणी किती खाली, ते वर्गाच्या भिंतीवर लिहितात. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी ११ फूट होतं.

अडलंय ते असं. सहा-सात मुलं अजून तोंड उघडत नाहीत. शिवाय हा दुसरा हात कुठे थांबवायचा, ते मला कळत नाही. कधी कधी मुलाचा मूळ प्रश्न घासून घासून माझाच होऊन जातो. तुम्ही काय करता?

---

देवगडचा निवृत्त

बाई, फार मनापासून लिहिलंत. माझा अनुभव सांगतो, त्यात चूक माझी आहे.

मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. दरवर्षी मुलांना विजयदुर्गावर न्यायचो आणि 'साहेबाचे ओटे' दाखवून सांगायचो, "१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने इथूनच दुर्बीण लावली आणि हेलियम सापडला." मुलं माना डोलवायची. अभिमानाची गोष्ट, कोण शंका घेणार?

एका वर्षी आठवीतल्या एका मुलाने ओट्यावर हात ठेवून विचारलं, "सर, हा ओटा त्याच वर्षीचा कशावरून?" मी त्याला गप्प केलं नाही, एवढंच माझं पुण्य. "बघून सांगतो" म्हटलं आणि वाचायला बसलो.

१८६८ च्या त्या ग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन यांनी पाहिला तो आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होते. त्यांनी ग्रहण नसताना त्याच ज्वाळांचा वर्णपट २० ऑक्टोबर १८६८ ला तिकडूनच पाहिला. त्या वर्णपटात सोडियमच्या जोडरेषेशेजारी एक पिवळी रेषा होती. ती सोडियमची नाही, पृथ्वीवर न सापडलेल्या एखाद्या मूलद्रव्याची असावी, हा विचार पुढे त्यातून आला. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्सेंना. आणि लॉकियर विजयदुर्गावर खरोखरच आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला! तळ ठोकून, नौदलाची माणसं हाताशी घेऊन.

म्हणजे किल्ल्याचं महत्त्व खोटं नाही. तारीख आणि गोष्ट यांची गाठ चुकीची बसली होती, आणि ती मी ३१ पैकी २६ वर्षं घट्ट करत राहिलो. उरलेली पाच वर्षं मी त्या ओट्यापाशी काही सांगितलंच नाही. मुलांना तीनच गोष्टी विचारायला लावायचो. हे कुणी पाहिलं? कुठून पाहिलं? आपल्याला ते कुणाकडून कळलं? कुठल्याही ऐकीव गोष्टीला लावून बघा. दुसरा हात म्हणाल तर माझा तो हा.

---

अपरांत

विरोधी सूर लावतोय, राग मानू नका. चिपळूणला दहावीचे क्लास घेतो. गावाकडच्या मुलाला बाहेर पडायला एकच दार आहे, टक्केवारी. ४१ प्रश्न लिहून घेण्यात तास गेला तर अभ्यासक्रम कोण पुरा करणार? शहरातल्या मुलाला चार ठिकाणांहून शिकायला मिळतं. आमच्या मुलाला तुमचा एकच तास मिळतो.

---

जांभ्याची पाटी

अपरांत, राग कसला, ही काळजी मलाही आहे. हा तास मी पंधरा दिवसांतून एकदाच घेते. बाकीच्या दिवशी फक्त एक सवय बदलली आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात, असं तिला दिसलं. ते तीन सेकंद थांबायला लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, आणि मुलं आपणहून विचारायला लागली. मी मनात "एक नारळ, दोन नारळ, तीन नारळ" म्हणते. याला अभ्यासक्रमातलं काही सोडावं लागत नाही.

आणि दहावीचं म्हणाल तर, "मला गणित येत नाही" म्हणणाऱ्या मुलाला तुम्ही काय शिकवणार? "तिसऱ्या पायरीत उणे चिन्ह कुठून आलं?" असं जो विचारतो त्याला पाच मिनिटांत शिकवता येतं. हे तुम्ही रोज बघत असाल.

---

अपरांत

हे मात्र खरं. "काहीच कळत नाही" म्हणणारी मुलंच सगळ्यात जास्त वेळ घेतात. चिन्हाचं उदाहरण उद्याच वापरतो.

---

दर्यावरचा मामा

हर्णैला आमचं मासेमारीचं घर. मी शिक्षक नाही, पण यात माझ्या भाचीची गोष्ट बसते म्हणून लिहितो.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला साधा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. आजोबा, वडील, सगळे यावर गेले. भाची सहावीत आहे, सुट्टीत आली होती. मी तिला हे शिकवलं तर तिने पाटीवर प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत सगळं मांडलं आणि म्हणाली, "मामा, यात चूक आहे."

मी म्हटलं, चूक नाही, पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. ती म्हणाली, "रोज भरती पाऊण तासाने पुढे जाते ना? पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी परत प्रतिपदा, म्हणजे पाऊण, पावणेएक. मग त्या एका दिवसात दीड तास कसा पुढे गेला?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. चाळीस वर्षं दर्यावर जातोय, हे कधी डोक्यात आलं नाही, कारण होडी काढायला थोडं इकडे-तिकडे चालतं. दोघं बसलो. अमावास्या ते पौर्णिमा भरती फिरून बारा तासांनी पुढे सरकायला हवी. बारा तासांची मिनिटं ७२०. त्याला १५ ने भागलं तर ४८ आले. म्हणजे तिथीमागे ४५ नाही, ४८ मिनिटं. तीन-तीन मिनिटं गाळत गेलो आणि पंधराव्या दिवशी पाऊण तास तुटला! माझी आई ओटीवर सुपारी कातरत ऐकत होती. ती म्हणाली, "अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे दोन घटका की रे." घटका २४ मिनिटांची, बरोबर दोन.

भाचीचा पहिला प्रश्न काय होता माहीत आहे? "भरती का येते?" त्याला मी "चंद्रामुळे" म्हणून मोकळा झालो होतो. पाटीवर मांडल्यावर दुसरा आला. म्हणून मला वाटतं बाई, पोरांच्या हातात आधी काहीतरी मांडायला द्या. नुसतं "विचार, विचार" म्हणून कोण विचारणार?

---

देवगडचा निवृत्त

मामा, पौर्णिमा-प्रतिपदेची ही फट मीही कधी पाहिली नव्हती. भाचीला माझा नमस्कार सांगा.

---

कुडाळची आई

मी आईच्या बाजूने लिहितेय. आमच्या घरात माझ्या लहानपणी एकच उत्तर असायचं, "गप रव. मोठ्यांका उलट इचारू नये." मी मनाशी ठरवलं होतं की माझ्या मुलीला असं कधी म्हणणार नाही. पण मागच्या महिन्यात सासूबाई देवाला गाऱ्हाणं घालत होत्या आणि मुलीने मध्येच विचारलं, "आजी, ह्यां देवाक आयकाक येता कशावरून?" माझ्या तोंडून तेच शब्द निघाले. सगळ्यांसमोर. ती नंतर दिवसभर बोलली नाही.

रात्री तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की प्रश्न चुकीचा नव्हता, वेळ चुकली. हे बरोबर सांगितलं का, मला अजून कळत नाही. प्रश्न कसा विचारावा याबरोबर कधी विचारावा हेही शिकवायचं का? की तसं शिकवता शिकवता विचारणंच बंद होतं?

दुसरं म्हणजे, पालकसभेत मी स्वतः काही विचारत नाही. सर विचारतात, "कुणाला काही विचारायचंय?" आणि आम्ही सगळ्या बायका चहाच्या कपाकडे बघतो.

---

पायरीचा आंबा

तुमच्या शेवटच्या ओळीवर थांबले. जांभ्याची पाटी यांनी दिलेले चार नियम ज्यांनी घडवले ते डॅन रॉथस्टाइन आणि लुझ सँटाना. त्यांची सुरुवात विद्यार्थ्यांपासून झालीच नव्हती, पालकांपासून झाली! अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स नावाचं कामकरी वस्तीचं गाव आहे. तिथे मुलांची गळती थांबवायचं काम चाललं होतं. पालक म्हणाले, आम्ही शाळेत येत नाही कारण तिथे काय विचारायचं तेच आम्हाला कळत नाही. आधी त्यांना तयार प्रश्नांची यादी करून दिली. यादी संपली की पालक पुन्हा अडायचे. मग त्यांनाच प्रश्न तयार करायला शिकवायचं ठरलं, आणि ती रीत पुढे वर्गात आली.

तुम्ही पुढच्या सभेला जाण्याआधी दोन-तीन मैत्रिणींनी बसून पाच मिनिटं नुसते प्रश्न लिहा. "मुलगी कशी आहे अभ्यासात?" असं येईल. त्याला दुसरा हात द्या, "वाचताना ती कुठल्या शब्दांवर अडखळते?" सरांना उत्तर द्यावंच लागेल आणि त्यांनाही बरं वाटेल.

आजीच्या प्रसंगाबद्दल. प्रश्नोपनिषदात सहा जण पिप्पलाद ऋषींकडे प्रश्न घेऊन जातात. ते म्हणतात, वर्षभर इथे राहा, मग हवे ते प्रश्न विचारा, आम्हाला ठाऊक असेल तर सगळं सांगू. थांबायला लावलं, पण दार उघडं ठेवलं, आणि "ठाऊक असेल तर" असंही म्हटलं. तुम्ही रात्री जे सांगितलंत ते बरोबरच आहे असं मला वाटतं, फक्त तिचा प्रश्न आता पुन्हा तुम्हीच काढा. तिला वाट बघायला लावली आहे ना.

---

वेळासची वाळू

मला मात्र या धाग्यातली एक गोष्ट खटकते आहे. सगळे प्रश्न मोजता येणारे झाले की ते चांगले, असा सूर लागतोय. मी कासव महोत्सवात मुलांना किनाऱ्यावर नेते. ऑलिव्ह रिडलेच्या घरट्यात शंभरेक अंडी असतात. नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू तापलेली असेल तर माद्या जास्त. हे सांगितलं की हुशार मुलं विचारतात, "अंडी ठेवलेल्या हॅचरीवर सावली केली तर नर वाढतील का?" उत्तम प्रश्न, अभ्यासकही हेच बघतात. सगळे कौतुक करतात.

पण गेल्या वर्षी एका छोट्या मुलाने, पिल्लं पाण्याकडे सरपटत असताना, हळूच विचारलं, "यांची आई यांना कधी भेटणारच नाही?" त्याची स्वतःची आई मुंबईत कामाला असते, तो आजीजवळ राहतो, हे मला नंतर कळलं. या प्रश्नाला तुम्ही कुठला दुसरा हात देणार? मी त्याच्या शेजारी वाळूत बसले, बस. काही प्रश्न आहेत तसेच ठेवावेत. बाई, "कुठे थांबायचं" असं तुम्ही विचारलंत ना, मी इथे थांबते. ज्या प्रश्नात मूल स्वतः उभं आहे, त्या प्रश्नाला हात लावायचा नाही.

---

जांभ्याची पाटी

वेळासची वाळू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि फोन बाजूला ठेवून बसून राहिले.

मी आता असं करायचं ठरवलं आहे. दुसरा हात द्यायचा की नाही, हे ज्याचा प्रश्न त्याने ठरवायचं. मी खडू हातात घेणार नाही, त्याचा प्रश्न तोच बदलेल. ज्याला बदलायचा नसेल त्याचा भिंतीवर डाव्या बाजूला तसाच राहील. मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुलं 'सवालीराम' या काल्पनिक पात्राला पत्रं लिहायची आणि त्यांना उत्तरं यायची, हे मी वाचलं आहे. आमच्या डाव्या बाजूच्या प्रश्नांनाही कुणीतरी पत्र लिहिणारं हवं. देवगडचे सर, तुम्ही लिहाल का? पोस्टकार्डं मी पाठवते.

न बोलणाऱ्या सहा-सात जणांबद्दल मामांचं ऐकलं. त्यांना बोलायला सांगणं सोडलं आणि दोरी त्यांच्या हातात दिली. त्यातला एक, जो वर्षभर फक्त हजेरीला "हजर" म्हणायचा, काल विहिरीवरून आला आणि भिंतीवरचे आकडे बघत उभा राहिला. होळीच्या आठवड्यात २१ फूट, त्याच्या पुढच्या शनिवारी २१, आणि काल २०. पाऊस नाही, काही नाही. पाणी एक फूट वर आलं होतं. मी म्हटलं, गाठ चुकली असेल. तो म्हणाला, "दोनदा टाकली दोरी." एक नारळ, दोन नारळ, तीन नारळ. मग म्हणाला, "बाई, आज वाडीतली लग्नाला गेली होती सगळी. पंप बंद होता. मग पाणी वर आलं ते पंप बंद म्हणून, की खालून आलं म्हणून?"

---

देवगडचा निवृत्त

पोस्टकार्डं पाठवा, आनंदाने लिहीन. त्या मुलाला सांगा, पंप चालू असतानाही सकाळी लवकर, पाणी ओढायला सुरुवात व्हायच्या आधी एकदा दोरी टाक, आणि संध्याकाळी एकदा. दोन्ही आकडे मला कळवा.

---

जांभ्याची पाटी

आज पहाटे सहाला टाकली. साडेवीस. संध्याकाळी तो पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी "मी पण" म्हणत आणखी चौघं निघाली आहेत.